हाताच्या पल्ल्यातला समुद्र





समुद्र आपल्या कोडोली पंचक्रोशीपासून आंबा घाटाच्या पलीकडे आहे. तरी आपल्या बाजारात खारा बांगडा, सुकट आणि सुके बोंबील पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. पावसाळ्यात भाजीची आबाळ झाली की इथल्या कितीतरी घरांत त्यांच्यावरच भाकरी खाल्ली जाते. मासा आपल्याकडे असा मीठ लावून, वाळवून, घाट चढून येतो. तो कोणी धरला आणि कसा धरला, हे विचारायची वेळ आपल्यावर येत नाही. आज मी त्यातल्या एकाच भागाबद्दल बोलणार आहे. खोल समुद्रात न जाता, किनाऱ्यावर पाय रोवून मासा धरण्याच्या जुन्या रीती. पाग, गरी आणि रापण ही त्यांतली मुख्य नावं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर याच विद्येची एक मोठी परंपरा वाढली, तिच्याकडेही आपण जाऊ. आणि मग वारणेवर येऊ, कारण नदीचा काठ हाही काठच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात थोड्या अंतरापर्यंतच पोचतो. मासा त्या अंतरात आला तरच मिळणार. म्हणून तो काठाला कधी येतो, कशासाठी येतो, किती वेळ थांबतो हे त्या माणसाला शिकावंच लागलं. किनाऱ्यावरचं सगळं ज्ञान या आखूड पल्ल्यातून आलं. आणि त्या पल्ल्याबाहेर जो समुद्र उरत होता, त्यात माशांचं बीज सुरक्षित राहत होतं. यंत्रांनी पल्ला वाढवला तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदमच गेल्या. त्यानंतरचे मासेमारीचे सारे कायदे म्हणजे जुन्या अवजारांत आपोआप असलेली मर्यादा कागदावर लिहून परत आणण्याची धडपड आहे.

या विद्येचा इतिहास सांगताना कोकणाच्याही आधी दख्खनचं नाव घ्यावं लागतं, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. आपल्या पन्हाळा-कोल्हापूर भागातले शिलाहार या चालुक्यांचेच मांडलिक. या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून संगीतापर्यंत सगळं त्यात आहे. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. त्यातल्या राजाच्या करमणुकींच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण येतं, आणि ते गळाने मासे धरण्यावर आहे.

या प्रकरणात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावं आहेत. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान अशी त्यांची विभागणी आहे. कोणत्या माशाला काय खायला आवडतं आणि त्याला कशाने जवळ आणावं, हे सांगितलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा माशांच्या अभ्यासकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील लेखन १४९६ सालचं आहे. मानसोल्लास त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीचा.

मला या प्रकरणाचं मोल आणखी एका कारणासाठी वाटतं. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या राजधानीत बसून राजाला ही माहिती कुठून मिळाली असेल? पस्तीस माशांच्या आवडीनिवडी एखाद्या जुन्या शास्त्रग्रंथात तयार असतील असं वाटत नाही. त्या सांगणारी माणसं नदीकाठची, खाडीकाठची भोई-कोळी मंडळीच असणार. ग्रंथावर नाव राजाचं राहिलं. ज्यांनी आयुष्यभर काठावर उभं राहून हे पाहिलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव उरलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक कसबांचं असंच झालं आहे आणि त्याची खंत मला फार वाटते.

आता समुद्राकडे. मासा काठाला येतो तो का?

लाट खोल पाण्यातून किनाऱ्याकडे येते तेव्हा तिचा तळ वाळूला अडतो आणि माथा पुढे धावतो. खालचं पाणी लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट इतकंच उरलं की ती फुटते. जिथे लाटा सारख्या फुटतात तिथे वाळू ढवळली जाते. वाळूत दडलेले किडे, लहान खेकडे, मुळ्या आणि शिंपल्या उघड्या पडतात. त्यांच्यावर लहान मासे येतात आणि लहान माशांच्या मागे मोठे. फेसाखाली मोठ्या माशाला आडोसा मिळतो आणि गोंधळलेलं भक्ष्य मिळतं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी पुन्हा समुद्रात जाण्यासाठी एखादी वाट काढतं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, पाणी गडद दिसतं आणि फेस उलट्या दिशेने वाहतो. पोहणाऱ्याने या जागेपासून लांब राहावं. मासेमार मात्र तिच्या कडेलाच उभा राहतो, कारण सगळं खाद्य त्याच वाटेने वाहत येतं. सपाट दिसणाऱ्या समुद्रात वाळूचा उंचवटा कुठे आणि घळ कुठे, हे लाटेच्या रंगावरून सांगणारी माणसं मी वेंगुर्ल्यापासून आचऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पाहिली आहेत.

वेळेचं गणित चंद्रावर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठं उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची मंद भरती. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अगदी साधी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे गणित ढोबळ आहे आणि पौर्णिमेजवळ ते थोडं मागे पडतं. पण ज्याला भरतीच्या आधी तासभर काठावर उभं राहायचं आहे, त्याला ते पुरतं. शाळा न पाहिलेली माणसं हे तोंडी करत आली.

या काठावरचं सर्वांत एकट्याचं अवजार म्हणजे पाग. गोल घेराचं जाळं, मधोमध दोरी, कडेला शिशाच्या गोळ्या. पाग अंगावर घेण्याची एक पद्धत असते. दोरी मनगटाला, जाळ्याचा एक भाग खांद्यावर, एक हातात, आणि कडेचं एक टोक बऱ्याचदा दातांत. मग कमरेतून फिरून तो असा फेकायचा की हवेतच पूर्ण उघडला पाहिजे आणि सगळी कड एकाच वेळी पाण्याला लागली पाहिजे. अर्धवट उघडलेल्या पागातून बोयरीसारखा चपळ मासा उडी मारून निघून जातो. फेकणारा गुडघाभर किंवा कमरेइतक्या पाण्यात उभा असतो, आणि पागाचा घेर त्याच्या हाताच्या ताकदीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. नायलॉन येण्यापूर्वी हे जाळं सुताचं किंवा सणाचं असे. खाऱ्या पाण्यात ते कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवावं लागे, आणि दर वापरानंतर गोड्या पाण्यात धुवून सावकाश वाळवावं लागे. जाळं विणणं, रंगवणं, वाळवणं, सांधणं यांतच मासेमाराचे कितीतरी दिवस जात, आणि त्या दिवसांत समुद्राला विसावा मिळे.

दुसरी रीत गरीची. मालवणी मुलखात गरी टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. आज हातात काठी आणि रीळ दिसतं, पण जुन्या पद्धतीत फक्त दोर, शिसं आणि गरी एवढंच असे. दोर लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला. गरीला कोळंबी, तारलीचा तुकडा किंवा खडकावरची कालवं लावायची, शिशाचं टोक डोक्यावर दोन-तीन वेळा गरागरा फिरवायचं आणि सोडून द्यायचं. मग दोर बोटांवर धरून वाट पाहायची. खडकाळ किनाऱ्यावर अशा गरीला तांबोशी लागते, गोबरा लागतो, वाळूच्या किनाऱ्यावर रावस. दोरावरून मासा ओळखणारे लोक आहेत. तांबोशीचा हिसका वेगळा, गोबऱ्याचं दगडात शिरणं वेगळं. गोबरा एकदा कपारीत घुसून बसला की दोर तुटेल, पण तो बाहेर येत नाही. म्हणून पहिल्या दोन हातांचा दोर खेचण्यातच सगळं कसब असतं.

अटलांटिकच्या काठावर, नॅनटकेट आणि मार्थाज व्हिनयार्ड या बेटांवरचे लोक एकोणिसाव्या शतकात हेच करत होते. जड शिशाचं किंवा कथलाचं माशाच्या आकाराचं आमिष दोराला बांधून ते डोक्यावर फिरवत आणि फुटत्या लाटांपलीकडे फेकत, मग हाताने भराभर आत ओढत. मालवणच्या माणसाला नॅनटकेटची माहिती नव्हती, नॅनटकेटच्या माणसाला मालवणची. फुटत्या लाटेसमोर उभं राहिलेल्या माणसाला दोन्हीकडे तेच उत्तर सापडलं.

अमेरिकेतल्या त्या मासेमारांचा आवडता मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास, अंगावर काळे आडवे पट्टे असलेला मोठा रुपेरी मासा. तो समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. त्याच्यासारखा समुद्र आणि नदी दोन्हींत जगणारा आपला मासा म्हणजे जिताडा. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. पण जिताड्याचा प्रवास बरोबर उलटा. तो नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात जन्मतो, त्याची पिल्लं खाडीतून आत शिरतात, गोड्या-मचूळ पाण्यात वाढतात आणि मोठं झाल्यावर अंडी घालायला परत मुखाकडे जातात. जिताडा आयुष्याच्या पहिल्या भागात नर असतो आणि मोठा झाल्यावर बहुतेक वेळा मादी होतो. याचा अर्थ फार गंभीर आहे. सगळे मोठे जिताडे धरून संपवले तर माद्याच उरत नाहीत. रायगडातल्या पेण-अलिबागच्या खारेपाटात लोक जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून गावच्या, घरच्या तळ्यात सोडतात आणि वाढवतात. पाहुण्याला तळ्यातला जिताडा देणं हा तिथे मोठा मान समजतात. धरण्याबरोबर पाळण्याची ही रीत मला आपल्या किनाऱ्यावरच्या शहाणपणाचा उत्तम नमुना वाटते.

आता रापण. हिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण एकट्याच्या हाताऐवजी इथे सगळ्या गावाचा हात पाण्यात जातो.

सिंधुदुर्गात देवगडपासून शिरोड्यापर्यंत आणि पुढे गोव्यात रापण हा किनाऱ्याचा मुख्य व्यवसाय होता. रापण हे शेकडो मीटर लांबीचं जाळं. मध्ये मासा साठणारा खोलगट भाग, दोन्ही बाजूंना लांबच लांब पंख, वर तरंगणारी लाकडं, खाली वजनं, आणि दोन टोकांना दोर. एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात जाते, अर्धवर्तुळ करून परत येते आणि दुसरं टोक काही अंतरावर किनाऱ्याला देते. मग दोन रांगा उभ्या राहतात आणि ओढायला लागतात. जाळं जसजसं जवळ येतं तसतशा त्या रांगा एकमेकींकडे सरकत येतात. दोन्ही बाजू एकाच गतीने ओढल्या नाहीत तर जाळं तिरकं होतं आणि मासा एका कडेने निघून जातो. म्हणून आरोळी लागते, ताल लागतो.

रापण कधी टाकायची हे ठरवणारा माणूस बहुधा वयस्क असतो. पाण्याचा रंग कुठे काळवंडला, पक्षी कुठे सूर मारताहेत, पाण्यावर शिरशिरी कुठे उठली यावरून तो बांगड्याचा किंवा तारलीचा थवा ओळखतो. थवा आपल्या पल्ल्यात यायची वाट पाहतो. घाई करून चालत नाही, कारण एक ओढ म्हणजे कित्येक माणसांची काही तासांची मेहनत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की हंगाम सुरू होतो आणि पावसाच्या आधी संपतो.

मासा वर आल्यावर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. कितीतरी ठिकाणी अशी चाल आहे की वाटेने जाणाऱ्यानेही दोराला हात लावला तर त्याला जेवणापुरते मासे मिळतात. म्हातारी माणसं, विधवा बाया, सुट्टीची मुलं, सगळ्यांना त्या दोरात जागा असते. मी याचं नुसतं गोड चित्र रंगवत नाही. रापण संघांतही भांडणं होतात, जाळ्याचा मालक आणि ओढणारा यांच्यात तणाव असतो, कोणत्या वाळूवर कोणाची रापण पडणार यावरून वाद होतात. पण एक गोष्ट पक्की आहे. रापणीची कमाई गावभर पसरते आणि रापणीचा पल्ला किनाऱ्यापुरताच राहतो.

अमेरिकेची हकिकत या पार्श्वभूमीवर ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकात तिथे गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना बास इतका मिळाला की ते तो शेतात खत म्हणून पुरू लागले. १६३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कॉड आणि बास हे मासे खत म्हणून वापरायला बंदी केली. १६७० साली शेजारच्या प्लिमथ वसाहतीने बास, मॅकरेल आणि हेरिंग यांच्या मासेमारीच्या उत्पन्नातून मोफत शाळा चालवायचं ठरवलं. माशाने शाळा चालवली, ही गोष्ट सहकारातून शाळा-महाविद्यालयं उभी राहिलेल्या वारणेच्या खोऱ्यात वेगळी समजावून सांगायला नको.

१८६० च्या दशकापासून न्यूयॉर्क-बॉस्टनच्या श्रीमंतांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कटीहंकसारख्या बेटांवर बास धरण्याचे क्लब काढले. खडकांत लोखंडी गज रोवून, त्यांवर फळ्या टाकून फुटत्या लाटांवर उभं राहायच्या जागा केल्या. कोणी कोणत्या जागी उभं राहायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरे. सोबत एक स्थानिक मदतनीस असे. तो शेवंडीसारख्या लॉबस्टरचे तुकडे पाण्यात टाकून मासा जवळ बोलवी. दोर आयरिश लिननच्या धाग्याचा असे आणि तो दररोज धुवून वाळवला नाही तर सडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला बास इतका कमी झाला की ते क्लब एकामागून एक मोडले. जुन्या अवजारांनीही एखादी जागा रिकामी होऊ शकते, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण तो मासा संपला नव्हता. इतर किनाऱ्यांवर तो होताच.

या माशाची जीवनशक्ती किती होती ते पाहा. १८७९ साली न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतले १३२ लहान बास आगगाडीने देश ओलांडून कॅलिफोर्नियाला नेले गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पाण्यात सोडले. १८८२ साली आणखी सुमारे तीनशे नेले. पुढच्या वीस वर्षांत त्या किनाऱ्यावर वर्षाला बारा लाख पौंडांहून जास्त बास बाजारात येऊ लागला. इतका चिवट मासा असूनही यंत्रयुगात अटलांटिक किनाऱ्यावर तो कोसळला. १९७३ साली व्यापारी पकड १ कोटी ४७ लाख पौंड होती, १९८३ साली ती १७ लाखांवर आली. १९८४ साली अमेरिकेच्या संसदेने या एका माशासाठी कायदा केला. मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० पर्यंत तो धरायला पूर्ण बंदी घातली. १९९५ साली तो सावरल्याचं जाहीर झालं. गेल्या काही वर्षांत त्याची संख्या पुन्हा घसरली आहे आणि मर्यादा पुन्हा कडक झाल्या आहेत.

यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की बंदीसाठी आग्रह धरणाऱ्यांत किनाऱ्यावरून गळ टाकणारे अनेक लोक होते. रात्री-अपरात्री लाटांत उभं राहणाऱ्यांना मासा कमी झाल्याचं आधीच जाणवत होतं.

आपल्याकडे हे जाणवलं रापणकरांना. १९६० नंतर ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या यंत्रबोटी, आल्या. त्यांनी किनाऱ्याजवळचा तळ खरवडला. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकरांनी माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, समुद्रात संघर्ष झाले. किनाऱ्याजवळचं पाणी पारंपरिक मासेमारांसाठी राखा, एवढीच त्यांची मूळ मागणी होती. त्या लढ्यातून गोव्याचा १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. महाराष्ट्राचा १९८१ चा. पुढे पर्ससीन जाळी आली. थव्याला चारी बाजूंनी वेढून तळातून आवळायचं, म्हणजे एक थवा संपूर्ण उचलायचा. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. मग रात्री समुद्रात एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासा गोळा करणं सुरू झालं. त्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून रात्री दूरवर दिव्यांची रांग दिसल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. थवा किनाऱ्याला यायच्या आधीच उचलला जातो आणि रापण रिकामी वर येते. रंगावरून थवा ओळखणाऱ्या म्हाताऱ्याच्या ज्ञानाला तेव्हा काही कामच उरत नाही, आणि ज्ञान बिनकामाचं झालं की पुढची पिढी ते शिकत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हा सरकारी नियम आहे. रापणीला आणि पागाला हा नियम पावसाळ्याने कायमचाच लावला होता. खवळलेल्या समुद्रात ही अवजारं चालतच नाहीत.

आता वारणा.

आपली नदी पाथरपुंजजवळ उगम पावते आणि हरिपूरला कृष्णेला मिळते. पहिल्या मोठ्या पावसात नदीतला मासा ओढ्या-नाल्यांत, भाताच्या खाचरांत अंडी घालायला चढतो. चढणीचे मासे आपल्याला सगळ्यांना माहीत आहेत. त्या दिवसांत सगळा गाव ओढ्यावर असतो. बांबूच्या पट्ट्यांचे सापळे, पाग, टोपल्या, नुसते हात. मासा अगदी हाताच्या पल्ल्यात येतो, आणि इथेच माझं आधीचं म्हणणं अडचणीत येतं. समुद्रकाठी आखूड पल्ला माशाला वाचवत होता. चढणीच्या वेळी मासा स्वतःच त्या पल्ल्यात शिरतो आणि तोही पोटात अंडी घेऊन. ओढ्याचं तोंड पूर्ण अडवलं तर जुन्या सापळ्यानेही नदीचं पुढचं वर्ष संपवता येतं. निम्मा ओढा मोकळा ठेवणारी माणसं होती आणि आहेत. न ठेवणारीही आहेत.

इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात आपला खडस आहे, ज्याला महसीर म्हणतात. तोंडावर शिंगासारखा फुगवटा असलेला नुक्ता आहे. यांतल्या अनेक माशांची शास्त्रीय नावं त्याने इथल्या लोकांच्या तोंडच्या नावांवरूनच दिली. १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोल्हापूरच्या माशांवर लेख आला. म्हणजे आपल्या नद्यांत काय होतं याची नोंद आहे. खडसाला धरणांनी अडवलं, सांडपाण्याने मारलं, आणि काही ठिकाणी देवाच्या डोहांनी वाचवलं. रायगडात वाळणकोंडला वरदायिनीच्या डोहातले मासे कोणी धरत नाही. टाटा कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ १९७० च्या दशकापासून खडसाचं बीज तयार करून धरणांत सोडलं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांबद्दल एक सांगावंसं वाटतं. त्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढतात आणि पावसानंतर घालतात. चढणीच्या दिवसांत बंधारा उघडा असतो. मोठं धरण माशाला अशी वाट देत नाही. हा बंधारा माशासाठी कोणी बांधला नाही, पण त्याची रीत माशाच्या ऋतूशी जुळलेली आहे. बरगे वेळेवर न काढणं हा पुरासाठी तर धोका आहेच, चढणीच्या माशासाठीही आहे. ग्रामपंचायतीने याकडे लक्ष द्यावं असं मी मनापासून सांगतो.

आणि एक उघड गुन्हा आहे. सुरुंगाची दारू किंवा विष टाकून डोह मारण्याला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षांनंतरही ते होतं. एका स्फोटात वर तरंगतात ते थोडे, तळाला जातात ते जास्त, आणि लहान पिल्लांचा तर कोणी हिशेबच करत नाही. ज्या गावात पाग फेकणारा एक तरी माणूस रोज काठावर असतो, तिथे हे करायला माणूस धजत नाही. काठावर रोज उभं राहणारा माणूस नदीचा राखणदार असतो, त्याला कोणी तसं नेमलेलं नसलं तरी.

व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांच्या घरी आजोबांचा पाग अजून माळ्यावर असेल, त्यांनी त्याचा आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, किती बोटांचा आहे, शिसं कुठून आणलं होतं आणि तो वारणेच्या कोणत्या डोहावर पडायचा, ते मला सांगावं. खडस पाण्यात असल्याची खूण काय, चढण कोणत्या नक्षत्रात सुरू व्हायची, ओढ्याचा किती भाग मोकळा ठेवायचा हे कोणाच्या घरी ठरलेलं होतं, हेही सांगावं. बायकांनी वाळवण्याची आणि साठवण्याची रीत सांगावी, ती कोणी लिहिलेली नाही. सांगणाऱ्याचं नाव आणि गाव मी प्रत्येक नोंदीपुढे लिहीन. वही आणली आहे.